दोन किलोच्या जिवाचं घर केवढं? – आमची वाटचाल

मी आणि माझ्या धाकट्या भावानं कुत्र्यांना शिकवण्याचं काम सुरू केलं तेव्हा आमच्याकडे यायची ती सगळी मोठी कुत्री. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, क्वचित एखादा डोबरमन. बस, थांब, सोबत चाल, ओढू नको, एवढं शिकवायचं. घरात शू न करण्याची शिकवण हा त्यातला अगदी छोटा भाग असे. खाणं झालं की बाहेर, झोपून उठलं की बाहेर, केलं की लगेच शाबासकी. तीनेक आठवड्यांत बहुतेक पिल्लं मार्गी लागायची. त्यामुळे या विषयात शिकण्यासारखं काही उरलंय असं आम्हाला वाटत नव्हतं.

मग चार महिन्यांचं एक पोमेरेनियन आलं. आमची पद्धत तेव्हा सरळ होती: पिल्लू महिनाभर आमच्याकडे ठेवायचं, शिकवायचं आणि परत द्यायचं. हे पिल्लू आमच्याकडे इतकं नीट वागलं की आम्ही निर्धास्त होतो. घरी गेल्यावर चौथ्याच दिवशी फोन आला. ‘‘ताई, शिकला होता ना तो तुमच्याकडे? पाहुण्यांच्या खोलीत रोज करतोय.’’ पुढच्या काही महिन्यांत माल्टीजचं तेच झालं, शिह त्झूचं तेच झालं. आम्ही पैसे परत केले. घरची माणसं एकच शब्द वापरायची: हट्टी. ‘मुद्दाम करतो, पाठ फिरली की करतो.’ खरं सांगायचं तर आम्हीही मनातून तेच मानायला लागलो होतो. भाऊ म्हणाला, ताई, लहान जाती घेणंच बंद करू, आपलं नाव खराब होतंय. आमच्यात यावरून बरंच वाजलं. शेवटी मी एवढंच मागून घेतलं की एकदा एखाद्या घरी जाऊन, दिवसभर काही न शिकवता नुसतं बघत बसते.

त्या दिवसानं आमचं काम बदललं.

नऊ महिन्यांची शिह त्झू होती. घरात एक आजी आणि त्यांची सून. मी वही घेऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसले. हॉल लांबलचक. सोफ्याजवळ तिची गादी, शेजारी पाण्याचं भांडं. ती खायची, गादीवर येऊन लोळायची, आजींच्या पायाशी बसायची, सगळं त्या तीन-चार फरश्यांच्या आत. दुपारी झोपून उठली आणि चालायला लागली. टेबल ओलांडलं, खुर्च्या ओलांडल्या, हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला पडद्यामागच्या कोपऱ्यात गेली. नाक जमिनीला लावून एक गिरकी घेतली आणि किंचित खाली बसली. तीन सेकंद. तिचे पाय मुळातच इतके आखूड आणि केस इतके लांब की आजींच्या खुर्चीवरून ती उभी आहे की बसली आहे हे कळणं शक्यच नव्हतं. डाग माझ्या तळहाताएवढा. परत आली आणि शांतपणे गादीवर आडवी झाली.

मी बघत राहिले, कारण तिनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. कुत्र्याचं पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, धड चालता येत नसतानाही, शू करायला झोपण्याच्या जागेपासून दूर सरकतं. आपलं अंथरूण ओलं करायचं नाही ही समज त्याला कुणी शिकवावी लागत नाही. घर स्वच्छ ठेवायला शिकवताना आपण तीच समज ताणून अख्ख्या घराला लावतो. लॅब्रेडॉरचं पिल्लू चार ढांगांत हॉल पार करतं, त्यामुळे तो हॉल त्याला लवकर ‘आपलं अंथरूण’ वाटू लागतो. दोन-तीन किलोच्या जिवाला मात्र पडद्यामागचा कोपरा म्हणजे गावाबाहेरची जागा. ती आजींच्या घरात शू करत नव्हती. तिच्या हिशेबानं ती घराबाहेर जाऊन करत होती.

आमच्याकडे महिनाभर राहिलेली पिल्लं का शिकल्यासारखी दिसायची हेही तेव्हा उमगलं. आमची खोली लहान होती आणि आमची नजर कायम त्यांच्यावर होती.

तिथून पुढे आम्ही पिल्लं ठेवून घेणं थांबवलं आणि घरोघरी जायला लागलो. धंद्याच्या दृष्टीनं हा निर्णय जड गेला. ज्या वेळात आम्ही चार पिल्लं सांभाळायचो त्या वेळात जेमतेम दोन घरं व्हायची. पहिलं वर्ष ओढाताणीत गेलं. भावानं सकाळची दुसरी नोकरी धरली आणि संध्याकाळच्या भेटी घेतल्या, हे इथे लिहायलाच हवं, कारण त्याशिवाय आज हे काम उभं नसतं.

पद्धतीचा गाभा एकच: आधी घर लहान करा. पिल्लाला एका कुंपणात किंवा एकाच खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचं. झोपायचा पिंजरा वापरायचा तर तो एवढाच मोठा, की त्यात उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय ताणून पडता यावं. लहान कुत्र्याला मोकळं वाटावं म्हणून माणसं प्रेमानं मोठा पिंजरा आणतात आणि मग ते एका टोकाला झोपतं, दुसऱ्या टोकाला करतं. एक जागा सलग काही आठवडे कोरडी राहिली की मगच पुढची खोली उघडायची. नुसतं दार उघडून सोडायचं नाही. त्या नव्या खोलीत त्याला खायला द्यायचं, खेळवायचं, तिथेच डुलकी काढू द्यायची. खोली वापरात आली की ती घर होते. पाहुण्यांची खोली सगळ्यात शेवटी, कारण तिथे कुणीच राहत नाही आणि कुत्र्यालाही ते कळतं.

दुसरी गोष्ट वहीनं शिकवली. आम्ही प्रत्येक घरात वही ठेवतो: खाणं, पाणी, झोप, शू, शी, सगळं वेळेनिशी. पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवून तितके तास ते दिवसा धरू शकतं, असा एक ठोकताळा सगळीकडे सांगतात. लहान जातींच्या बाबतीत आम्ही त्यावर विसंबत नाही. मूत्राशय इवलंसं, आणि खाणंही वारंवार. अगदी छोट्या जातींच्या कोवळ्या पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर एकदम खाली येते आणि ती गळून पडतात, थरथरतात. म्हणून त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. पोटात अन्न गेलं की आतड्याला चालना मिळते, त्यामुळे प्रत्येक खाण्यानंतर थोड्याच वेळात शीची वेळ येते. म्हणजे मोठ्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट फेऱ्या. एका यॉर्कशायर टेरियरच्या वहीत आम्हाला एका दिवसात शू-शीच्या चौदा नोंदी मिळाल्या. घरची मंडळी सहा वेळा बाहेर नेत होती आणि आपण खूप करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते खूपच होतं, पण आठ वेळा कमी पडत होतं.

आणि बाहेर नेणं म्हणजे बहुतेक घरांत कडेवर घेऊन नेणं! एवढंसं आहे म्हणून उचलायचं, खाली उतरवायचं, झालं की परत उचलायचं. लसीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, हे योग्यच आहे. पार्व्होसारखा आजार जमिनीवरून येतो. पण त्यानंतरही कडेवरच राहिलं तर कुत्र्याला दाराचा रस्ताच ठाऊक होत नाही. लागली की जायचं कुठे, हे त्याच्या पायांना माहीत नसतं. मोठं कुत्रं दाराशी जाऊन उभं राहतं ते रोज त्या वाटेनं चालल्यामुळे. आता आम्ही पहिल्याच भेटीत पट्टा लावून गादीपासून दारापर्यंत चालायला लावतो, हळूहळू, त्याच्या गतीनं.

बाहेर गेल्यावरही त्याच्या उंचीनं बघावं लागतं. ओलं गवत मोठ्या कुत्र्याच्या पंज्यांना लागतं, छोट्याच्या थेट पोटाला. थंडी त्याला लवकर झोंबते. येणारी-जाणारी चाकं त्याच्या डोळ्यांसमोरून जातात. अशा वेळी ते धरून ठेवतं आणि घरात आल्यावर, उबेत, सुरक्षित वाटल्यावर सोडतं. माणसांना वाटतं हा सूड आहे. आम्ही म्हणतो, बाहेर आडोशाची एकच जागा ठरवा, रोज तीच, आणि केलं की आत येण्याची घाई करू नका. नाहीतर ‘केलं की मजा संपली’ एवढंच ते शिकतं.

पॅडवरून, म्हणजे घरातच शू करण्यासाठी जमिनीवर अंथरतात त्या शोषून घेणाऱ्या चौकोनांवरून, भावाचं आणि माझं अजूनही पूर्ण जमलेलं नाही. त्याचं म्हणणं, पॅड नकोतच. पिल्लं साधारण आठ-नऊ आठवड्यांची होईपर्यंत पायाखाली कशाचा स्पर्श असताना शू करायची हे मनात पक्कं करू लागतात. पॅड मऊ, पायपुसणं मऊ, न्हाणीघरातली चटई मऊ. पिल्लाला फरक कसा कळणार? हे त्याचं खरं आहे, आणि म्हणूनच आम्ही पॅड विकणं बंद केलं, त्यातून चांगली मिळकत होत असूनही. पण सातव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसात बारा वेळा खाली उतरा असं मी सांगू शकत नाही. अशा घरात आम्ही कायमचा ट्रे ठेवतो, खऱ्या गवताचा किंवा घरातल्या कुठल्याही कापडाशी साधर्म्य नसलेल्या जाळीचा. लहान कुत्र्यासाठी ट्रे ही हार नाही. फक्त अर्धा दिवस ट्रे आणि अर्धा दिवस बाहेर असा घोळ सुरुवातीला नको.

पहिल्या भेटीत आम्ही अतिनील प्रकाशाची टॉर्च घेऊन जातो. पडदे ओढायचे, दिवे बंद करायचे आणि जमिनीलगत टॉर्च फिरवायची. चार डाग माहीत असतात, सतरा दिसतात. सोफ्याच्या पायाशी, कपाटाच्या कडेला, गालिच्याच्या किनारीवर फिकट चट्टे उजळतात आणि घरचे गप्प होतात. मोठ्या कुत्र्याचं थारोळं लपत नाही, ते त्याच दिवशी पुसलं जातं. चमचाभर शू गालिच्यात मुरते आणि पुढच्या खेपेला तोच वास कुत्र्याला ‘इथे’ म्हणून बोलावतो. फिनेलनं आपल्या नाकाचं समाधान होतं, त्याच्या नाकाचं नाही. अमोनिया असलेलं द्रव्य तर मुळीच वापरू नये, त्याचा वास शूच्याच जवळ जातो. एन्झाइमचं, म्हणजे शूचे वास येणारे घटकच मोडून टाकणारं द्रव्य घ्यायचं आणि ते आत मुरेपर्यंत ओलं राहू द्यायचं. लगेच पुसून टाकलं तर उपयोग नाही.

आता आमच्या हातून झालेली चूक. एक पाच वर्षांची यॉर्कशायर मादी, आधी व्यवस्थित शिकलेली, अचानक घरात करायला लागली. आम्ही वही सुरू केली, कुंपण लावलं, तीन आठवडे घालवले. ती थोडं थोडं करायची, बराच वेळ बसून राहायची. हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या फरशीवर गुलाबी थेंब दिसला तेव्हा डॉक्टरांकडे धावलो. मूत्राशयात खडे होते. या जातीत ते नवीन नाही, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. तीन आठवडे ती वेदनेत होती आणि आम्ही तिला शिकवत होतो. ती बरी झाली, घरच्यांनी आम्हाला एका शब्दानं दुखावलं नाही, पण ती वही मी अजून जपून ठेवली आहे. तेव्हापासून आमचा नियम: शिकलेलं कुत्रं बिघडलं तर आधी लघवीची तपासणी, मग आम्ही. डॅक्सहुंड पायऱ्या उतरायला नको म्हणत असेल तर आधी पाठ तपासून घ्या. त्या जातीत मणक्याची दुखणी फार.

नराचं पाय वर करून खुणा करणं हे वेगळं प्रकरण. छोटे नर त्यात मागे नसतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर दिसलं की लहान नर पाय अधिक तिरका उचलतात, म्हणजे खूण आपल्या उंचीच्या मानानं वर जाते. याबाबत नसबंदीचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा, आम्ही त्यात मत देत नाही.

रागावणं मात्र आम्ही कुठल्याही घरात चालू देत नाही. शूमध्ये नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी, आवाज चढवणं, काहीच नाही. त्यातून ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग पट्टा लावून बाहेर नेल्यावरही ते तुमच्यासमोर करत नाही आणि घरात सोफ्यामागे करतं. काही कुत्री दारातून आलेल्या माणसाला बघूनच पाझरतात. ती भीती किंवा आनंद असतो. वरून वाकू नका, खाली बसा, नजर वळवा, त्याला तुमच्याकडे येऊ द्या.

‘सात दिवसांत हमखास’ अशी जाहिरात करा, असं आम्हाला अनेकांनी सुचवलं. आम्ही पहिल्याच फोनवर सांगतो: तीन-चार महिने धरा, काही कुत्र्यांना वर्ष लागतं. ऐकून काही जण फोन ठेवतात. जे राहतात ते वही भरतात. आज आम्ही चौघं आहोत आणि आमच्याकडे येणारी बहुतेक कुत्री पाच किलोच्या आतली असतात.

अलीकडे आम्ही पिल्लं वाढवणाऱ्यांकडेही जायला लागलोय, कारण पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत दिवस काढलेल्या पिल्लाची ती मूळची समज बोथट होते आणि मग पुढचं सगळं दुप्पट अवघड जातं. तिसऱ्या आठवड्यापासून खोक्याचे दोन भाग करायचे: एकीकडे अंथरूण, दुसरीकडे गवताचा ट्रे, मध्ये पिल्लाला ओलांडता येईल एवढीच कड. सध्या एका घरी चिवावाची चार पिल्लं आहेत, पाच आठवड्यांची. तिघं अजून कडेला अडखळतात. सगळ्यात लहान पिल्लू, माझ्या मुठीएवढं, परवा सकाळी झोपेतून उठलं, डोळे अर्धे मिटलेलेच, पोट घासत कड ओलांडून गवतावर गेलं, शू केली आणि परत येऊन आईच्या कुशीत शिरलं. वेळ सहा वाजून दहा मिनिटं. वहीत लिहिलं.