कावळा शिवेपर्यंत

पितृपक्षात आजोबांचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं होतं. भात, वडे, खीर, गवारीची भाजी. पलीकडच्या टाकीवर कावळा मान तिरकी करून बघत होता, पण हलेना. "अण्णांचं काहीतरी मनात राहिलंय," आत्या म्हणाली. मग कबुल्या सुरू झाल्या. गावच्या घराचं छप्पर दुरुस्त करू, धाकटीचं लग्न थाटात करू. कावळा ढिम्म.

भूक लागली की माझं डोकं भलतीकडे धावतं. माणूस म्हणजे अवजारं बनवणारा प्राणी, असं आम्ही शाळेत घोकलेलं. पण १९६० साली टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी एक चिंपांझी पाहिला. तो डहाळीची पानं ओरबाडून काढायचा, ती काडी वारुळात खुपसायचा आणि तिला चिकटलेली वाळवी चाटून खायचा. त्यांचे गुरू लुई लीकी म्हणाले, आता अवजाराची तरी व्याख्या बदला, माणसाची तरी, नाहीतर चिंपांझीला माणूस म्हणा. आपण अर्थातच व्याख्या बदलली. कुंपण सरकवायला आपल्याला वेळ लागत नाही.

चिंपांझी निदान भाऊबंद तरी. २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेतल्या बेटी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतलं खाण्याचं बादलीवजा भांडं वर ओढून काढलं. आमच्याकडचे कावळे तारेचं घरटंच बांधतात. वाळत घातलेल्या कपड्यांचे हँगर जातात कुठे, ते मला मे महिन्यात कळलं. खिडकीला घासणारी आंब्याची फांदी मी तोडून घेतली, तिच्यात तसलं एक घरटं होतं. रिकामं होतं, पण मालकांना ते पटलं नाही. महिनाभर माझ्या टाळक्यावर चोची बसत होत्या. शेजारच्या काकांना मात्र एकही नाही.

सिएटलमध्ये संशोधकांनी ठरावीक मुखवटा घालून कावळे पकडले, तर पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कल्ला करायचे. एवढी पारख असलेला पक्षी कोकिळेचं पोर मात्र आपलं म्हणून वाढवतो. असो, घरोघरी काहीतरी असतंच.

मेलेल्यांसाठी पान वाढणं तरी आपलंच असावं, असा विचार करत मी पाणी प्यायला खाली आलो. दोन मिनिटांत वरून आत्याची हाक आली, "शिवला रे, शिवला!"

छपराचं कबूल केल्यावर लगेच आला, असं ती अजून सगळ्यांना सांगते. मी फांदीचं बोललेलो नाही.