'रविवारी कसलं ट्रेनिंग?' – माझा ओजेटीचा अनुभव

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या शैक्षणिक धोरणात एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं हे काम असतं. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १२०. ते १२० तास मी २० दिवसांत भरले. भरले याचा कागद कॉलेजात जमा करायला मात्र २३ दिवस लागले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

जागा मिळायला त्रास झाला नाही. मामांच्या ओळखीनं कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, डिस्पॅच (माल रवाना करायचं काम) आणि अकाउंट्सला बसवलं. सकाळी केएमटीच्या बसनं जायचं, सहा तास काम, परत रूमवर.

पहिल्याच आठवड्यात एक्सेलनं माझी जिरवली. कास्टिंगला (साच्यात ओतून केलेल्या भागाला) हीट नंबर असतो, कुठल्या दिवशीच्या कुठल्या वितळणीतला माल ते त्यावरून कळतं. हे नंबर ५-१२, ७-३ असे असायचे. मी सगळं रजिस्टर एक्सेलमध्ये भरलं आणि बघते तर ५-१२ चं झालंय ५ डिसेंबर. दोनशेच्या वर ओळी! अकाउंटचे काका म्हणाले, "कॉलम आधी टेक्स्ट करायचा असतोय बाळ, मग भरायचं." भरल्यावर टेक्स्ट करून उपयोग नाही, तोवर आतला नंबर बदललेला असतो. सगळं परत भरलं. एम.एस.-सी.आय.टी.ला मला चांगले मार्क आहेत, हे मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

ई-वे बिलाचं, म्हणजे माल गाडीनं पाठवताना जीएसटीसाठी काढायच्या ऑनलाइन बिलाचं, पण तसंच. ५० हजारांच्या वरच्या मालाला लागतं, हे पाठ होतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती मर्यादा १ लाख आहे, हे गाडी गेटवर उभी असताना कळलं. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस धरतात, म्हणून गाडी निघणार कधी हे ट्रान्सपोर्टवाल्याला आधी फोन करून विचारायचं. हा फोन करायला मी पहिले चार दिवस घाबरायचे. एक साधी गोष्ट: फोन लावायच्या आधी गाडी नंबर, चलन नंबर आणि काय विचारायचंय ते कागदावर लिहून ठेवा. तोंडातून शब्द आपोआप येतात.

(आम्ही कोल्हापूरच्या पोरी घरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो. तिथंही तसंच बोलायचे, कुणाला काही वाटलं नाही. एकदा पुण्याच्या पार्टीला फोनवर "मी चलन पाठवतो" म्हटलं, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, जरा मॅडमना फोन द्या." काका दहा मिनिटं हसत होते.)

हे सगळं बरं चाललं होतं. आता दाखला.

शेवटच्या दिवशी एचआरच्या साहेबांनी लेटरहेडवर छापून दिलं: अमुक विद्यार्थिनीनं आमच्याकडे 'सुमारे एक महिना' प्रशिक्षण घेतलं, वर्तणूक चांगली. सही, शिक्का. मी खुशीत. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर गेले. खिडकी ११ ते १. मॅडमनी कागद बघितला आणि परत सरकवला. "तास कुठायत?"

"हजेरीपत्रकात आहेत मॅडम."

"दाखल्यात पाहिजेत."

परत शिरोली. साहेब बाहेरगावी. तीन दिवसांनी आले, तो सोमवार नव्हता म्हणून बरं, कारण आमच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी. १२० तास असा नवीन दाखला घेतला. खिडकीवर गेले. मॅडमनी आता हजेरीपत्रक उघडलं, बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. "रविवारी कसलं ट्रेनिंग?"

मी सांगितलं, कारखान्याची सुट्टी सोमवारी असते. एमआयडीसीत सगळीकडे रविवारच असतो असं नाही, हे कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला मी काय सांगायचं? त्यांनी तीन रविवार लाल पेनानं गोल केले. तीन गुणिले सहा, अठरा. "१०२ तास झाले. १८ कमी पडतायत." किंवा मग सुट्टी सोमवारी असते असं कंपनीकडून लिहून आणा.

एचआरचे साहेब हे ऐकून खुर्चीत मागे रेलले. "आता हे पण लिहून द्यायचं? उद्या कारखाना शिरोलीत आहे म्हणून पण लिहून मागतील." देतो म्हणाले. आठवडा गेला. मी दोनदा जाऊन आले, एकदा ते मीटिंगमध्ये, एकदा जेवायला. बसचे पैसे सोडा, पण तेव्हा माझा रिपोर्ट पण अडकला होता आणि रूमवरच्या दोघींचे कागद कधीच जमा झाले होते. त्यांचं ट्रेनिंग शहरातल्या पतसंस्थेत, रविवार बंद. मला वाटलं, आपणच मूर्ख.

पत्र मिळालं ते घेऊन तिसऱ्यांदा गेले. आता नाव. दाखल्यावर आधार कार्डाप्रमाणे माझं नाव आधी, मार्कशीटवर आडनाव आधी. "मार्कशीटप्रमाणे आणा." मी म्हटलं, मॅडम, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर? त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलं नाही." तिथंच रडू येणार होतं. आलं नाही, कारण मागं लाइन होती.

त्या दिवशी मी फाउंड्रीत गेले ती साहेबांकडे गेलेच नाही. काकांच्या टेबलाशी बसले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि जे सांगितलं ते मी अजून वापरते: "साहेबांना विचार करायला लावू नकोस. सही करायला लाव." म्हणजे मजकूर आपण टाइप करायचा, छापून न्यायचा आणि त्यांनी फक्त वाचून पेन उचलायचं. आणि त्याआधी कॉलेजला लेखी विचारायचं, खिडकीवर तोंडी नाही.

मग मी विभागाच्या समन्वयक सरांना मेल लिहिला. आधी लिहिलेला काकांनी खोडला. त्यात माझी सगळी कर्मकहाणी होती, दीड पान. काकांचं म्हणणं, मोबाइलवर वाचणारा माणूस दुसऱ्या परिच्छेदाला पोचत नाही. शेवटी राहिलं ते एवढं: विषयाच्या ओळीत माझं नाव, वर्ग, रोल नंबर आणि 'ओजेटी दाखल्याचा मजकूर'. खाली चार प्रश्न. तास कसे लिहायचे, साप्ताहिक सुट्टीचा उल्लेख कुठं, नाव कशाप्रमाणे, सही कुणाची चालेल. सोबत जुना दाखला, पीडीएफ, फाइलला माझं नाव दिलेलं. ('स्कॅन००१७' नावाची फाइल कुणाला पाठवू नका, ती हरवते.)

२० मिनिटांत उत्तर आलं. सोबत नमुना जोडला होता. छापील नमुना! तास, सुट्टीचा वार, मार्कशीटप्रमाणे नाव, सगळ्याला मोकळी जागा सोडलेली. तो विभागाकडे सुरुवातीपासून होता. मी पंधरा-सोळा दिवस ज्याच्यासाठी फिरत होते तो कागद मागितल्यावर मिळणारा होता, आणि खिडकीवरच्या मॅडमना तो आहे हे माहीत होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं.

रिपोर्टचं सांगायचं राहिलं. पहिला मी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केला होता. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडला तर नुसतं चित्रविचित्र. मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडमध्येच लिहा, इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आठ-दहा दिवसांत हाताला बसतो. दुसरं, कंपनीची माहिती मी त्यांच्या वेबसाइटवरून जशीच्या तशी उचलली होती. मजकूर उचललाय का ते बघायच्या तपासणीत साम्य ३८ टक्के. सरांनी यूजीसीचे २०१८चे नियम काढून दाखवले, १० टक्क्यांपर्यंतच माफ असतं. ते प्रकरण मी परत लिहिलं, या वेळी वेबसाइट बंद ठेवून. त्यात हीट नंबरची गोष्ट घातली, तीन रविवारांची नाही. सरांनी समासात 'हे चांगलं' असं लिहिलंय, फक्त तेवढ्या एका पानावर.

नमुना भरून, छापून मंगळवारी सकाळी साहेबांसमोर ठेवला. त्यांनी वाचला, सही केली, चहा सांगितला. कप हातात यायच्या आत शिक्का बसला होता.

दुसऱ्या दिवशी खिडकी. मॅडमनी दाखला वाचला, हजेरीपत्रक वाचलं, लाल गोलांकडे बघितलं, परत दाखला. मी काही बोलले नाही. त्यांनी आवक नंबर टाकला आणि हात पुढं केला. "झेरॉक्स?"

दोन होत्या. एक त्यांना दिली, दुसरीवर पोच मागितली.