प्रबंधातलं माझं वाक्य कोणतं?

मजकूर आधी छापलेल्या लेखनाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरनं पाहतात, त्या तपासणीला मे महिन्यात प्रबंध दिला आणि चौथ्या दिवशी अहवाल आला: 34 टक्के साम्य. सीताबर्डीत त्याची रंगीत प्रिंट काढली आणि दुकानाबाहेर उन्हातच उभी राहून पानं चाळली. दुसऱ्या प्रकरणात पानंच्या पानं रंगलेली होती. ज्या ज्या लेखातून ओळी आल्या, त्याला एकेक रंग. नागपुरी संत्र्याच्या विक्रीव्यवस्थेवर चार वर्षं काम केलं होतं मी. काटोल-नरखेडच्या बगीच्यांत हिंडले, कळमन्याच्या बाजारात पहाटे जाऊन उभी राहिले. आणि हातातला कागद सांगत होता की यातला एक तृतीयांश मजकूर दुसऱ्यांचा आहे. आकडा खरा होता, हे मला तिथंच कळलं. म्हणूनच रडू आलं.

आता नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलंय, त्याला शिक्षा नाही. 10 ते 40 मध्ये असाल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त 6 महिन्यांत, सुधारून द्यायचं. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द. स्रोत सांगून दिलेली अवतरणं, संदर्भसूची, कायदे, सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य, हे सगळं आधीच वगळलेलं असतं. त्यामुळे सॉफ्टवेअरवर खापर फोडायला जागा नव्हती.

हे झालं कसं, तर टिपणांमुळे. वाचताना आवडलेला परिच्छेद उचलून मी एका फाइलमध्ये टाकत गेले. नंतर आपल्या शब्दांत लिहू, असं मनाशी म्हणायचे. कुठून घेतला हे लिहून ठेवलं नाही. दोन वर्षांनी तीच फाइल उघडली, तेव्हा त्यातलं आपलं कोणतं आणि परकं कोणतं, हे मलाच ओळखता येईना. जो कोणी आज संशोधनाला सुरुवात करतोय, त्याला माझं कळकळीनं सांगणं आहे: परिच्छेद उतरवलात तर त्याच क्षणी अवतरणचिन्हं घाला आणि लेखकाचं नाव, पान क्रमांक लिहा. उद्यावर टाकू नका.

पहिला आठवडा मी चुकीच्या कामात घालवला. 'शेतकरी' काढून 'उत्पादक', 'महत्त्वाचे'च्या जागी 'महत्त्वपूर्ण', वाक्यांची उलटापालट. टक्के 19 वर आले. ते घेऊन गाईड मॅडमच्या धंतोलीतल्या घरी गेले. कूलरच्या वाऱ्यानं पानं उडत होती, म्हणून त्यांनी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. अहवालाकडे पाहिलंही नाही. पेन्सिल घेऊन पाचव्या प्रकरणातल्या एका परिच्छेदाखाली रेघ मारली. त्या परिच्छेदाला एकही रंग लागलेला नव्हता.

"हा इंग्रजीतून आणलास ना?"

आणला होता. भाषांतर केलं की मजकूर आपला होतो, असा माझा प्रामाणिक समज होता. यंत्राला जे सापडलं नाही, ते त्यांना एका वाचनात सापडलं.

"दलाल शेतकऱ्याचं शोषण करतात, असं लिहिलंयस. तुला बगीच्यात हे दिसलं का?"

मी म्हटलं, "मॅडम, सगळ्यांनीच तसं लिहिलंय."

"मी सगळ्यांची गाईड नाही गं, तुझी आहे."

त्या रात्री मुलाखतींच्या वह्या काढल्या. एका पानावर संत्र्याच्या सालीच्या तेलाचा डाग होता, शाई फुटलेली. काटोलकडच्या एका काकांचं बोलणं मी जसंच्या तसं टिपलं होतं: "सारे मनतात यापारी लुटते. लुटते न, मी कुठं नाई मनतो? पन पोरीच्या लग्नाले पैसा कोनं देल्ला?" हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि प्रबंधात याचा मागमूस नव्हता.

मग वह्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. बरेच जण फळ झाडावर असतानाच बगीचा व्यापाऱ्याला देऊन टाकतात. इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात येतो. त्यानंतरची फळगळ, गारपीट, राखण, तोडणी, गाडीभाडं बहुतेक व्यवहारांत व्यापाऱ्याच्या अंगावर. म्हणजे भाव कमी मिळतो, त्यात उसनवारीची आणि जोखमीची किंमतही धरलेली असते. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आणि घरात थोडा पैसा होता, ते थांबले आणि त्यांनी माल स्वतः कळमन्याला नेला. बाजार पडला की ठरलेली रक्कम कापणारे व्यापारीही वह्यांमध्ये होते. त्यांची बाजू मी घेतलेली नाही. पण 'शोषण' या एका शब्दात यातलं काहीच मावत नव्हतं. माझं मत असं झालं की अडचण भावाच्या आधी, हंगामापुरत्या पैशाच्या वेळी सुरू होते. हे मत चुकीचंही ठरू शकेल, पण ते कुठून आलं हे मी पान दाखवून सांगू शकते.

दुसरं प्रकरण संपूर्ण नव्यानं लिहिलं. एक लेख वाचायचा, मिटून ठेवायचा, त्यात काय म्हटलंय ते जाऊबाईंना तोंडी सांगायचं आणि मगच कागदावर उतरवायचं. त्या "म्हणजे काय?" म्हणाल्या की समजायचं, मलाच नीट कळलेलं नाही. मग पुन्हा लेख उघडायचा. साडेचार महिने लागले. नवा अहवाल 7 टक्क्यांचा आला.

सादर करण्याआधी काकांना फोन लावून त्यांच्यावरचा परिच्छेद वाचून दाखवला. फळ लिंबाएवढं असताना त्यांनी बगीचा दिला, असं मी लिहिलं होतं. त्यांनी मध्येच थांबवलं. "लिंबाएवढं कुठचं? बोराएवढं होतं, मॅडम."

प्रबंधात आता बोराएवढं आहे.