मीनात कुर्बानीच्या आधी केस काढू नका: दोन दम भरून आलेला अनुभव

हजच्या विधीत चूक झाली आणि आमच्यावर दोन दम (भरपाई म्हणून कापायचे बकरे) आले. एक माझा, एक अम्मीचा. यापुढे परभणी, हिंगोलीकडून जे निघतील त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

2024 चा हज. 16 जून, दहा जिलहज्ज, म्हणजे बकरी ईदचा दिवस. मुझदलिफाच्या मैदानात फजर (पहाटेची नमाज) पढून, वुकूफ (तिथं थांबून दुआ) करून मीनाला, मक्केजवळ हाजींचे तंबू असतात तिथं, आलो. जन्मभर परभणीचा मे सोसलाय, तिथलं ऊन काय करणार, असं वाटायचं. साफ चुकलो. अम्मीला व्हीलचेअरवर बसवून मोठ्या जमरातला (सैतानाचं प्रतीक असलेल्या खांबाला) सात-सात खडे मारले आणि तंबूत येऊन पडलो. ‘अम्मीचे खडे तुम्हीच मारा’ असं टूरवाल्यांच्या गाईडने सांगितलं होतं. ऐकलं नाही, ते बरं केलं. खुर्चीवरून का होईना, ज्याला जाता येतं त्याचे खडे दुसऱ्याने मारून चालत नाहीत. गर्दी हा उज्र (शरीअतला मान्य अडचण) नाही. 11 जिलहज्जला तिला इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) नेलं, आरामात झालं.

दुपारी अकराच्या सुमारास गाईड ओरडत आला, “सब की कुर्बानी हो गई, हलक करा लो.” थकलेली माणसं, लगेच रांग लागली. मी हलक केला, म्हणजे डोकं भादरलं, अम्मीने बोटाच्या पेरभर केस कापले, एहराम, म्हणजे हजचा पेहराव आणि त्याची बंधनं, उतरला. संध्याकाळी चिठ्ठी हातात आली. आमचे बकरे असरनंतर (दुपार उलटल्यावरच्या नमाजनंतर) कापले गेले होते.

हनफी मसलकात (शरीअतच्या एका पंथात) तमत्तुवाल्यासाठी (आधी उमरा करून एहराम सोडणारा, मग त्याच खेपेत हज करणारा) आधी रमी (खडे मारणं), मग कुर्बानी, मग हलक, हा क्रम वाजिब (बंधनकारक) आहे. मोडला की दम. शेजारच्या गादीवर रत्नागिरीचे एक चाचा होते, शाफई मसलकाचे. त्यांच्याकडे हा क्रम सुन्नत (पाळला तर उत्तम), त्यामुळे त्यांच्यावर काहीच नाही. कोकणात बहुतेक शाफई, आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी. एकाच तंबूत दोन मसले (नियम) असतात आणि गाईड सगळ्यांना एकच सांगून मोकळा होतो.

त्याला विचारलं तर आधी म्हणाला, काही होत नाही. मग म्हणाला, तीन रोजे ठेवा. तेही चूक. रोजे, सहा गरिबांचं धान्य किंवा बकरा, यातलं एक निवडायची सवलत उज्र असलेल्याला आहे. मक्केजवळच्या हुदैबियात पैगंबरांचे साथी काब बिन उजरा यांच्या डोक्यात उवा झाल्या होत्या, तेव्हा केस काढायला ही मुभा मिळाली. आम्ही आजारी नव्हतो. शेवटी म्हणाला, दमचे पैसे माझ्याकडे द्या. भाव सांगितला कुर्बानीच्या दुप्पट! एक रियाल देऊ नका अशा माणसाला. मक्केत मुफ्ती साहेबांना विचारलं. ते म्हणाले, माहीत नव्हतं म्हणून दम माफ होत नाही, गुनाह तेवढा हलका होतो. आम्ही स्वतः कूपन घेतलं, साध्या भावात.

घरी आल्यावर दोघातिघांनी विचारलं, इथंच बकरा कापून मोहल्ल्याला का नाही खाऊ घातला? नाही चालत. दमचा जानवर हरमच्या (मक्केच्या पवित्र क्षेत्राच्या) हद्दीतच जिबह व्हावा लागतो. त्याला मुदत नाही, नंतर उमऱ्याला जाणाऱ्याच्या हातीही करवता येतो. गोश्त गरिबांचं, देणाऱ्याने खायचं नाही.

आमच्यातल्या काहींनी 12 जिलहज्जला सकाळीच खडे मारले. जवालच्या (सूर्य माथ्यावरून ढळण्याच्या) आधीची ती रमी धरली जात नाही. त्यांना परत जावं लागलं. तवाफ-ए-जियारतही (हजमधल्या काबाभोवतीच्या सक्तीच्या फेऱ्या) 12 च्या मगरिबच्या (सूर्यास्ताच्या) आत उरका. हैज (मासिक पाळी) असलेल्या बायकांना मात्र उशिराचा दम नाही, त्यांना घाबरवू नका.



पैसे भरतानाच टूरवाल्याकडून लिहून घ्या की कुर्बानीची वेळ मेसेजने कळवणार. तोंडी निरोपावर वस्तरा लावू नका. हलकला 12 च्या मगरिबपर्यंत वेळ असतो. आम्हाला तर फक्त असरपर्यंत थांबायचं होतं.