हिमवादळात अडकलो तेव्हा: निवारा केंद्रातली एक रात्र

वादळाचा इशारा होता, तरी अंधाराआधी पोचू या हिशेबाने मी आणि धाकटा भाऊ गाडीने निघालो. तापमान उणे २० अंश, वारा ताशी ३० किलोमीटर. अशा वाऱ्यात उघड्या अंगाला थंडी उणे ३३ इतकी झोंबते आणि १० ते ३० मिनिटांत कातडी गोठू शकते. हे ठाऊक असूनही निघालो, ती चूकच झाली.

दोन तासांनी गाडी बर्फात रुतली. गाडी सोडून चालत निघायचं नाही, एवढं आम्ही पाळलं. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवायचं, खिडकी बोटभर उघडी ठेवायची. त्याआधी दर वेळी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, नाहीतर धूर आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. बर्फ काढायला भाऊ उतरायचा. तिसऱ्या खेपेला त्याचे हातमोजे भिजले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, आता थंडी नाही वाजत." त्याचं कुडकुडणं थांबलं होतं. जॅकेटची चेन लावता येईना, जीभ जड झाली होती. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या बरंच खाली घसरलं की असं होतं, आणि ज्याचं घसरतं त्याला ते कळत नाही. म्हणून सोबत्याकडून नाव, वार वदवून घेत राहा. उत्तर अडखळलं तर लगेच मदतीचा फोन करा. मी तेच केलं. बर्फ हटवणारी गाडी आली तोवर माझा धीर सुटत आला होता.

त्यांनी आम्हाला एका शाळेच्या व्यायामशाळेत नेलं. वादळापुरतं तिथे निवारा केंद्र उघडलं होतं. आणि ते आम्ही सहा किलोमीटर मागे टाकून आलेल्या गावातच होतं! तुम्ही निघण्याआधी वाटेवरची अशी केंद्रं कागदावर लिहून घ्या. फोन करून रात्री उघडं असतं का ते विचारा. बरीचशी, विशेषतः वाचनालयांतली, फक्त दिवसा उघडी असतात. पाळीव प्राणी चालतात का, तेही विचारा.

आत गेल्यावर स्वयंसेवकांनी भावाचे ओले कपडे उतरवले आणि आधी छाती-पाठ ऊबदार केली, हातपाय नंतर. बोटं पांढरी पडली होती, मी चोळायला गेले तर त्यांनी थांबवलं. गोठलेली कातडी चोळली की आणखी इजा होते. ती कोमट पाण्यात धरायची, तेही पुन्हा गोठण्याचा धोका नसेल तरच. दारू अजिबात नाही, तिने अंगातली उष्णता बाहेर पडते. शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय द्यायचं. तासाभराने तो पुन्हा कुडकुडू लागला, तेव्हा कुठे मी खाली बसले. डॉक्टरांना मात्र दाखवलंच.

शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. घरची वीज गेल्यावर त्यांनी खोलीत कोळशाची शेगडी पेटवली होती. त्यातूनही तोच विषारी वायू निघतो. डोकं दुखू लागलं म्हणून शेजाऱ्यांनी इथे आणलं. वेळेत आणलं.

सोबत न्यायच्या वस्तू: रोजची औषधं, चार्जर, कानात घालायचे बोळे (दिवे रात्रभर सुरू असतात), लोकरी मोज्यांचे दोन जास्तीचे जोड. सुती नकोत, भिजले की ऊब जाते. आणि निघताना तिथल्या वहीत वेळ लिहा. पुढे कोणी अडकलंय का, हे आमच्या केंद्रात त्या वहीवरूनच पाहत होते.