दहा सेकंदांचा हिशोब

आमच्या एका लिनक्स सर्व्हरवरचे ॲप्लिकेशन गेल्या महिन्यात अधूनमधून अडखळू लागले. एरवी चटकन उघडणाऱ्या पानाला मध्येच बरोबर दहा सेकंद लागत. त्यातला ‘बरोबर’ हा शब्द मला तेव्हाच खटकायला हवा होता, कारण गर्दीमुळे होणारा विलंब कधी सात, कधी तेरा सेकंद असा वेडावाकडा असतो.

पण माझा हात आधी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पॅरामीटरांकडे गेला. नव्या कनेक्शनांच्या रांगेची कमाल लांबी ठरवणारे सोमॅक्सकॉन १२८ वरून ४०९६ केले (कर्नल ५.४ पासून मूळ किंमत तेवढीच आहे) आणि ३२७६८ ते ६०९९९ ही बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठीच्या स्थानिक पोर्टांची मर्यादा वाढवली. जुन्या टिपणवहीतला, संपलेल्या कनेक्शनांची जागा लवकर मोकळी करणारा ‘टीडब्ल्यू रिसायकल’सुद्धा चढवायला गेलो, तर अशी फाइलच नाही, असे उत्तर आले. तो पर्याय कर्नल ४.१२ मध्येच काढून टाकलेला आहे आणि ते बरेच झाले, कारण एकाच नॅटमागून (अनेक यंत्रांना एकच पत्ता वापरू देणाऱ्या व्यवस्थेमागून) येणाऱ्यांची कनेक्शने तो मुकाट्याने टाकून देत असे. एवढे करूनही फरक शून्य. कनेक्शने दाखवणाऱ्या एसएस कमांडने पाहिले तेव्हा कनेक्शनांची रांग रिकामीच दिसली. जिथे गर्दीच नव्हती तिथला दरवाजा मी रुंद करत बसलो होतो.

मग प्रोसेस कर्नलकडे काय काय मागते ते दाखवणारा एसट्रेस लावला. डेटाबेसशी नवे कनेक्शन जोडताना प्रोसेस पहिल्या नेमसर्व्हरला (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) प्रश्न पाठवून ‘पोल’मध्ये, म्हणजे उत्तराची वाट पाहत, ५००० मिलिसेकंद थांबत होती, ‘टाइमआउट’ झाल्यावर दुसऱ्याकडे वळत होती, आणि हाच प्रकार लगेच पुन्हा एकदा घडत होता. पहिला नेमसर्व्हर कार्यालयाने कधीच निवृत्त केला होता, नेमसर्व्हरांची यादी ठेवणाऱ्या रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमधली त्याची नोंद तेवढी राहिली होती.

जीलिबसी ही लिनक्सची मूलभूत लायब्ररी नेमसर्व्हरांना क्रमाने विचारते, प्रत्येकासाठी मुळात ५ सेकंद थांबते, आणि पुढचा प्रश्न पुन्हा पहिल्यापासूनच सुरू करते. आमच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचे नाव टिंबाविना, आखूड लिहिलेले होते. एनडॉट्सची (नाव आधी जसेच्या तसे शोधायला त्यात किमान किती टिंबे हवीत त्या आकड्याची) मूळ किंमत १ असल्याने अशा नावाला आधी सर्च यादीतले डोमेन जोडून पाहिले जाते, आणि यादीतले पहिले डोमेन बंद पडलेल्या शाखेचे होते, दुसरे योग्य. दोन डोमेनांचे दोन प्रश्न, प्रत्येकी पाच सेकंद. आधी डिग या नेमसर्व्हरला विचारणाऱ्या कमांडने तपासताना मी चालू नेमसर्व्हरचा पत्ता हाताने दिला होता, त्यामुळे ही वाट माझ्या नजरेआडच राहिली. ॲप्लिकेशन ज्या वाटेने जाते ती तपासायची तर ‘गेटेंट एहोस्ट्स’ ही कमांड वापरावी. ती होस्ट्स फाइल आणि एनएसस्विच.कॉन्फमधला, म्हणजे नाव आधी कुठे शोधायचे तो, क्रमही पाळते.

रिझॉल्व्ह.कॉन्फ हाताने दुरुस्त केली, पण रीबूटनंतर जुनी नोंद हजर. फाइलच्या पहिल्याच ओळीत ती नेटवर्कमॅनेजरने (नेटवर्कच्या सेटिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) तयार केल्याचे लिहिलेले होते, ते मी वाचले नव्हते. त्यामुळे त्याच्याच एनएमसीएलआय या कमांडने कनेक्शनच्या प्रोफाइलमध्येच नेमसर्व्हर व सर्च यादी बदलली, टाइमआउट १ सेकंद आणि अटेम्प्ट्स (प्रयत्न) २ ठेवले, आणि सेटिंगमध्ये डेटाबेसचे पूर्ण नाव लिहिले. एक सेकंदाची मर्यादा आमच्या अंतर्गत नावांना पुरते. जिथे बाहेरची नावे सतत शोधावी लागतात तिथे मी दोन सेकंद ठेवीन.

कर्नलमधले दोन्ही बदल मी मागे घेतले, कारण सहा महिन्यांनी ती फाइल उघडणारा त्या आकड्यांमागे काहीतरी कारण असेल असे समजून चालला असता.