गेर्ड म्युलरच्या गावात मी क्रोल झालो

जर्मनीतल्या न्योर्डलिंगेनला येणारे बहुतेक लोक खड्डा बघायला येतात. साधारण दीड कोटी वर्षांपूर्वी इथं अवकाशातून दगड आदळला, २४ किलोमीटर रुंदीचं विवर झालं आणि पुढं कधीतरी माणसांनी त्याच्या आतच गाव वसवलं. १९७० साली अपोलो १४ चे अंतराळवीर इथं दगडांचा अभ्यास करायला आले होते, वगैरे. लोणार पाहिलेल्या माणसाला मात्र हे विवर पचत नाही. लोणारला काठावर उभं राहिलं की सगळं खाली समोर दिसतं. इथं आपणच तळाला, आणि काठ म्हणजे लांबवरच्या टेकड्या. कुणी सांगितलं नाही तर कळायचंही नाही.

मी आलो होतो फुटबॉलपटू गेर्ड म्युलरसाठी. म्युनिकचे दिवस ताईच्या घरी खाण्यात आणि तिच्यामागून दुकानं हिंडण्यात गेले, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. एका सकाळी भाच्याला उठवलं आणि डोनाउवर्थला गाडी बदलून इथं पोचलो.

"मामा, तिथं बघायला काय आहे?"
"मैदान."
"म्युनिकमध्ये मैदान नाही का?"

त्याचं चुकलं नाही. बायर्न म्युनिक क्लबच्या मैदानाबाहेर, अलियान्झ अरीनाबाहेर, म्युलरचा पुतळा आता उभा आहेच. पण मी कोल्हापूरचा. आमच्याकडं विश्वचषक आला की पेठापेठांत ब्राझील नाहीतर अर्जेंटिना, मधे काही नाही. शाहू स्टेडियमवर शिट्ट्या पडतात त्या तिघांना चकवून जाणाऱ्याला. गोलसमोर घुटमळून शेवटचा पाय लावणाऱ्याला "आयतं मिळालं" म्हणून मोकळे होतात. असल्या आयत्या गोलांचा मी लहानपणापासून भक्त, आणि त्या पंथाचा मूळपुरुष ह्या गावचा.

आधी भाच्याच्या हट्टापायी चर्चचा मनोरा चढलो. डानिएल म्हणतात त्याला. उंची ९० मीटर, पायऱ्या ३५०, गुडघे माझे. वरून गाव छान गोल दिसतं, भोवतीची तटबंदी अजून शाबूत आहे, तिच्यावरून पूर्ण फेरी मारता येते. लोक फोटो काढत होते. मी बसायला जागा शोधत होतो.

म्युलर इथं १९४५ साली जन्मला. शाळा संपल्यावर विणकराचं काम शिकला आणि गावच्या टीएसव्ही १८६१ संघातून गोलांचा असा रतीब घातला की १९६४ साली म्युनिकचे दोन्ही क्लब त्याच्या मागं लागले. तेव्हा वजनदार क्लब होता १८६० म्युनिक. बायर्न दुसऱ्या पातळीवर खेळत होतं. बायर्नचा माणूस आधी पोचला, सही झाली, आणि १८६० ची माणसं थोडक्यात चुकली. जगातली सगळ्यात महागात पडलेली दिरंगाई असेल ती. बायर्नचे प्रशिक्षक झ्लात्को चायकोव्स्की यांना मात्र हा बुटका, जाड मांड्यांचा पोरगा बघून हा वेटलिफ्टर मी कुठं खेळवू, असं झालं. त्या वेटलिफ्टरनं पुढं बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगच्या, ४२७ सामन्यांत ३६५ गोल केले. जर्मनीसाठी ६२ सामने, ६८ गोल. सामन्यांपेक्षा गोल जास्त! १९७१-७२ च्या हंगामातला ४० गोलांचा विक्रम मोडायला बायर्नच्याच लेवांडोव्स्कीला २०२१ उजाडावं लागलं.

तटबंदीबाहेरच्या मैदानाला २००८ पासून गेर्ड म्युलर स्टेडियम असं नाव आहे. फाटक बंद होतं. आत कुणी नाही, पाटी आहे, गवत छान कापलेलं. भाचा माझ्याकडं असा बघत होता की जणू मी त्याला कुणाच्या तरी कुलूपबंद घरासमोर आणून उभं केलंय. मीही मनातून खट्टू झालो होतो. मनोऱ्यावर माणसांची रांग आणि इथं चिटपाखरू नाही, याचा राग आला.

तेवढ्यात एक आजोबा सायकलवरून आले आणि आमच्यापाशी थांबले. ऐंशीच्या आसपासचे असावेत. जर्मन लोक अनोळखी माणसाशी बोलत नाहीत असं मला ताईनं बजावून ठेवलं होतं. यांनी सरळ विचारलं, कुठून आलात. भाच्यानं सांगितलं, भारतातून, मामाला म्युलर आवडतो. आजोबांनी सायकल कुंपणाला टेकवली, भाच्याच्या हातातली रिकामी पाण्याची बाटली मागितली आणि आमच्या जागा ठरवायला लागले.

भाचा झाला बोनहॉफ, म्युलरला पास देणारा. त्याला उजवीकडं लांब उभं केलं. मी रूड क्रोल, नेदरलँड्सचा बचावपटू. ७ जुलै १९७४, म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम, विश्वचषकाचा नेदरलँड्सविरुद्ध अंतिम सामना, १-१, त्रेचाळिसावं मिनिट. भाच्यानं बाटली सरकवली. आजोबा तिच्या पुढं निघून गेले, बाटली मागं राहिली, आणि त्यांनी बोट वर करून आम्हाला थांबवलं. इथंच तर गंमत होती. चेंडू म्युलरच्या मागं पडला होता, पाठ गोलकडं, दुसरा कुणी असता तर संधी गेली म्हणून हात वर करून मोकळा झाला असता. आजोबा पुढं जाता जाता थबकले, एक पाय मागं टाकला, कंबर खाली घेतली. त्या वयात इतकं खाली बसणं बघून मी धरायला पुढं झालो तर मलाच ओरडले, कारण क्रोलनं उशिरा यायचं असतं! मी परत जागेवर. मग ते अर्धवट बसल्यासारखे वळले आणि बाटलीला हलकेच पाय लावला. बाटली घरंगळत फाटकाला लागली. ते भाच्याला म्हणाले, गोलकीपर हललासुद्धा नाही. खरंच, योंगब्लूत नुसता बघत राहिला होता.

जर्मनी २-१ नं जिंकली. तो म्युलरचा देशासाठीचा शेवटचा गोल. वय अठ्ठावीस. जिंकल्याच्या रात्रीच्या मेजवानीत खेळाडूंच्या बायकांना बोलावलं नाही यावरून वाजलं आणि तो पुन्हा देशासाठी खेळला नाही.

मला आजोबांना २०११ च्या त्रेंतोबद्दल विचारायचं होतं. बायर्नच्या संघाबरोबर म्युलर इटलीत गेला होता, तिथं रात्री एकटाच बाहेर पडला आणि सापडेना. सकाळी पोलिसांना तो रस्त्यावर भटकताना दिसला. आजाराचं नाव क्लबनं २०१५ मध्ये जाहीर केलं, अल्झायमर. पाठ करून उभा असताना गोल नेमका कुठं आहे हे ज्याला बघावं लागत नव्हतं, त्याला हॉटेलचा रस्ता सापडला नाही. मधे फ्लोरिडात गेलेली वर्षं, दारू, मग जुन्या सहकाऱ्यांनी बाहेर ओढून काढणं, बायर्नच्या पोरांना शिकवणं, हे सगळंही होतं. पण आजोबांचा चेहरा बघून भाच्याला म्हटलं, राहू दे, नको विचारू. ते घाम पुसत हसत होते, गोल नुकताच त्यांनीच मारला होता.

परतीच्या गाडीत भाच्यानं मोबाईलवर तो गोल शोधला. बघितला आणि म्हणाला, "मामा, एवढाच? जोरसुद्धा नाही ह्यात."

हार्बुर्गचा किल्ला कधी मागं गेला मला कळलं नाही, वाद डोनाउवर्थपर्यंत चालला. वेग, कोन, कंबर, सगळं सांगून झालं. तो आयतं मिळालं म्हणून अडून बसला. रक्तात कोल्हापूर आहे, काय करणार. शिवाय त्या बाटलीच्या अनामतीचे २५ सेंट परत मिळायचे होते, पण ती चेपल्यामुळं दुकानातल्या यंत्रानं घेतली नाही. तेवढे पैसे त्यानं माझ्याकडून वसूल केले.